वजन उतरलं, पण कातडी लोंबतेच आहे: बॉडी कॉन्टूरिंग सर्जरीनंतर बरं व्हायला नेमका किती वेळ लागतो? महाड-पोलादपूरच्या पेशंटने काय तयारी करावी?

एखाद्याचं वजन सव्वाशे किलोवरून पंचाहत्तरवर येतं. शुगर आटोक्यात येते, गुडघे कुरकुरायचे थांबतात, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी टाकला की लाइक्सचा पाऊस पडतो. कपड्यांच्या आत काय उरलंय ते मात्र त्या फोटोत दिसत नाही. ओटीपोटावर झालरीसारखी लोंबणारी कातडी, दंडाखाली हलणारी पिशवी, चालताना एकमेकींवर घासणाऱ्या मांड्या. वळीखाली घाम साचतो, त्वचा लाल होते, चिरते, वास येतो. महाडसारख्या दमट हवेच्या गावात तर वर्षातले आठ महिने हाच त्रास. मलम लावलं की आठवडाभर बरं, पुन्हा तेच.

ही जास्तीची कातडी काढून शरीराला आकार देणाऱ्या शस्त्रक्रियांना बॉडी कॉन्टूरिंग म्हणतात. इंटरनेटवर त्याबद्दल जे मिळतं ते बहुतेक ऑपरेशन थिएटरपर्यंतचं असतं. घरी परतल्यावरच्या दोन-तीन महिन्यांबद्दल फार कमी लिहिलं जातं. आणि घर जर मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी असेल, तर तेच दोन-तीन महिने जास्त महत्त्वाचे ठरतात.

व्यायामाने ही कातडी आवळत नाही का?

थोडक्यात उत्तर, नाही. त्वचेला ताण देणारे आणि परत आवळणारे तंतू असतात, कोलॅजन आणि इलॅस्टिन. वर्षानुवर्षं चरबीने ताणली गेलेली त्वचा हे तंतू तुटल्यामुळे पूर्ववत होत नाही. फुगा बरेच दिवस फुगवून ठेवला आणि मग हवा सोडली की तो सुरकुततो, तसंच. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, पण वरची कातडी कमी होत नाही. वय जास्त, वजन उतरण्याचं प्रमाण मोठं, तंबाखूची सवय, बाळंतपणं, या सगळ्यांनी फरक पडतो. जिमवाला किंवा क्रीमची जाहिरात काहीही सांगो.

बॅरिअॅट्रिक सर्जरी आता महाराष्ट्राला नवी नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली होती. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं तेव्हा रोज किती किलो उतरले याच्या बातम्या होत होत्या. मार्च २०२५ मध्ये भारतात मौंजारो हे इंजेक्शन आलं आणि शस्त्रक्रियेशिवायही मोठं वजन उतरवणाऱ्यांची संख्या वाढू लागली. बातमी किलोच्या आकड्यावर संपते. कातडीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

नेमकं काय कापतात?

सगळ्यात जास्त होणारी शस्त्रक्रिया पोटाची. फक्त लोंबणारी झालर काढली तर ती पॅनिक्युलेक्टॉमी. सैल पडलेले पोटाचे स्नायूही आतून शिवून घट्ट केले आणि बेंबी नव्या जागी बसवली तर ती टमी टक. कंबरेभोवती गोल चीर घेऊन पोट, कंबर आणि नितंब एकदम वर ओढण्याला लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात. दंड, मांड्या आणि छाती यांच्या वेगळ्या शस्त्रक्रिया असतात.

हे सगळं एका दमात करावं, असं पेशंटला वाटतं. एकदाच सुट्टी, एकदाच खर्च. पण टेबलावरचे तास वाढले की रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन दोन किंवा तीन टप्प्यांत, मध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवून काम करतात. टप्पे सुचवणारा डॉक्टर पैसे काढतोय असा संशय घेण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं. दंड आणि मांड्या एकत्र करायच्या असतील तर आणखी एक साधा प्रश्न विचारून पाहावा: हाताला जोर देता येत नाही आणि पायही जवळ घेता येत नाहीत, अशा अवस्थेत पलंगावरून उठणार कसं?

कधी करायची, आणि कधी नाही

वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर असावं लागतं. बॅरिअॅट्रिक सर्जरी झाली असेल तर तिच्यानंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबतात. घाई करून ऑपरेशन केलं आणि नंतर आणखी पंधरा किलो उतरले, तर कातडी पुन्हा सैल. पुढे मूल हवं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर केलेली चांगली. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर ते भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, कारण त्या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. पोट लहान केलेल्या माणसाचं खाणं कमी असतं, बायपास असेल तर शोषणही कमी. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, झिंक आणि प्रथिनं यांची कमतरता त्याला ठाऊकही नसते. हिमोग्लोबिन कमी असताना दोन-अडीच फूट लांब जखम भरून येणं कठीण. म्हणून तपासण्या महिना-दोन महिने आधी करायच्या, म्हणजे कमी आढळलं तर भरून काढायला वेळ मिळतो.

तिसरी गोष्ट कोकणात जास्त स्पष्ट बोलायला हवी, ती म्हणजे मिश्री. डॉक्टरने “धूम्रपान करता का?” विचारलं की गावातली बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते, आणि सकाळी-संध्याकाळी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन धुरातून येवो वा हिरड्यांतून, रक्तवाहिन्या आकसतातच. या शस्त्रक्रियेत कातडी खालच्या थरापासून सोडवून ताणून शिवलेली असते आणि तिच्या कडेपर्यंत रक्त पोचणं आधीच अवघड असतं. त्यात रक्तवाहिन्या आकसल्या की कड काळी पडते आणि टाके उसवतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी सगळं बंद. आणि लावत असाल तर तसं सांगायचं. लाजेपोटी लपवलेली मिश्री जखमेला मात्र कळतेच.

कॅलेंडर पाहून तारीख घ्या

मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडालं, तळियेवर दरड कोसळली, रस्ते तुटले. प्रत्येक पावसाळा असा नसतो, पण वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद असतो, आंबेनळीत दरडी येतात, आणि ड्रेन लावलेल्या माणसाला ताम्हिणीतून वळसा घालून पुण्याला न्यायचं म्हणजे हाल. शिवाय दमट हवेत कपडे वाळत नाहीत. रोज धुवायचा पट्टा वाळला नाही तर ओलाच घालायचा का?

भातलावणीच्या तोंडावर शेतकरी घरात पेशंटकडे बघायला माणूस उरत नाही, आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात महामार्ग ६६ वर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. टाके दाखवायची तारीख नेमकी त्यात अडकायला नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. हवा कोरडी, पट्टा सोसवतो, रस्ते मोकळे.

विम्याचंही आधीच विचारून घ्यावं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमावलीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली होती. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, आणि थेट आरोग्याचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरने गरजेची ठरवलेली शस्त्रक्रिया हे अपवाद. वळीखालची वारंवार होणारी जखम, त्यावर घेतलेले उपचार, तारखेसह फोटो आणि चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर निदान दावा मांडता येतो. मंजूर होईलच असं नाही. खासगीत खर्च लाखांच्या घरात जातो. मुंबईत केईएम, सायन, जेजे आणि पुण्यात ससून इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे रांग असते, पण विचारायला हरकत नाही. सर्जन कुठलाही असो, त्याची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का, हे पाहायचं. ब्युटी क्लिनिकच्या पाटीवर जाऊ नये.

पहिले पंधरा दिवस

दवाखान्यात साधारण एक ते तीन रात्री. शुद्धीवर आल्यावर पहिला धक्का बसतो तो सरळ उभं राहता येत नाही याचा. पोटाची कातडी ताणून शिवलेली असल्याने आठ-दहा दिवस कंबरेत वाकूनच चालायचं असतं. झोपतानाही पाठीला उशा आणि गुडघ्यांखाली उशी, म्हणजे आरामखुर्चीत असल्यासारखं. सरळ होण्याचा हट्ट केला तर ताण टाक्यांवर येतो.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून चालवतात. हे क्रूर वाटतं, पण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठतं आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. म्हणूनच काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरी गेल्यावरही काही दिवस घ्यावी लागतात. ती कोण देणार, हे निघण्यापूर्वी ठरवायचं.

जखमेतून एक किंवा अधिक नळ्या बाहेर काढलेल्या असतात, टोकाला लहान डबी. हा ड्रेन. कातडी आणि स्नायू यांच्यामधल्या पोकळीत साचणारं पाणी तो बाहेर ओढतो. दिवसातून दोन-तीनदा डबी रिकामी करायची, किती मिली आलं ते वहीत लिहायचं, रंगही लिहायचा. पहिल्या दिवसांत लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की सर्जन ड्रेन काढतात, सहसा एक ते दोन आठवड्यांत. ही वही पेशंटपेक्षा घरातल्या शाळकरी पोरीने लिहिलेली जास्त नीट असते, असा अनुभव आहे. ड्रेन काढल्यावर पुन्हा पाणी साचलं, पोटावर हात ठेवला की आत काही हिंदकळल्यासारखं वाटलं, तर तो सेरोमा. घाबरण्यासारखं नाही, सर्जन सुईने काढतात. गावात कुणाकडून मात्र टोचून घेऊ नये.

म्हणूनच शक्य असेल तर ड्रेन निघेपर्यंत मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे राहावं. महाड-पोलादपूरच्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. चाळीतली एक खोली असली तरी ती पावणेदोनशे किलोमीटरच्या खड्ड्यांपेक्षा बरी. निघायचंच असेल तर गाडीत पुढची सीट मागे झुकवून, पोट आणि सीटबेल्टच्या मध्ये उशी, आणि दर तासाला उतरून पाच मिनिटं चालणं. एसटीने नको. रेल्वे महाड शहरातून जात नाही, जवळचं स्थानक वीर, आणि तिथे उतरून पुढे रिक्षा. पहिल्या पंधरवड्यात हा मार्गही नकोच.

घर कसं तयार ठेवायचं?

जमिनीवरचं अंथरूण गुंडाळून ठेवावं आणि उंच कॉट लावावी. खालून उठताना सगळा जोर पोटावर येतो. कॉटवरूनही आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं पोटाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे आणि मांडीच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त काळ बंद. प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, ती आधीच आणून ठेवावी. संडास मागच्या दारी, चार पायऱ्या उतरून असेल तर ती खोलीतच लागेल. मांडीची जखम जांघेजवळ असल्याने दर वेळी स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं टिपून घ्यायचं.

घट्ट पट्टा किंवा गार्मेंट साधारण सहा आठवडे दिवस-रात्र घालायचा असतो. सूज कमी राहते, कातडी खालच्या थराला चिकटते. दोन संच हवेतच, एक अंगावर आणि एक दोरीवर. आत पातळ सुती बनियन घातलं तर घामोळं कमी येतं. पट्ट्याला घडी पडून तो एकाच जागी रुतत असेल तर तिथली कातडी खराब होते. ते रोज पाहायचं.

एक इशारा महत्त्वाचा. पोटाची खालची कातडी बरेच महिने बधिर असते. दुखतंय म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजेपर्यंत कळत नाही. चुलीपाशी बसतानाही हेच.

पथ्य आणि पूर्वग्रह

घरोघरी ठरलेलं असतं. ऑपरेशन झालं की अंडी-मासे बंद, आंबट बंद, नाहीतर टाके पिकतात. मग पेशंटला आठ दिवस तांदळाची पेज. पेज पचायला हलकी आहे, पण जखम भरायला लागतात ती प्रथिनं तिच्यात नगण्य. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आमसुलामुळे नाही. उलट या काळात मासा, अंडी, दही, पनीर, कुळथाचं पिठलं, मुगाची डाळ हेच लागतं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास. दिवसाला साठ ते शंभर ग्रॅमचं लक्ष्य डॉक्टर देतात, आणि लहान केलेल्या पोटात ते बसवायचं तर ताटातला क्रम बदलावा लागतो. आधी मासा किंवा डाळ, भात शेवटी, उरलेल्या जागेत. नाचणी कॅल्शियमसाठी छान, पण प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबू नये.

जखमेवर हळद, खोबरेल, पाल्याचा रस काही लावायचं नाही. आणि वेदनाशामक गोळीच्या बाबतीत खास काळजी. बायपास झालेल्या माणसाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाला अंगदुखीवर तीच गोळी सहज देतो. बायपास झाल्याचं दुकानात सांगायचं आणि सर्जनने लिहिलेलीच गोळी घ्यायची.

कामावर कधी?

बसून काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत. एमआयडीसीत शिफ्टमध्ये उभं राहून किंवा जड उचलून काम असेल तर सहा ते आठ आठवडे धरावेत. सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे भरलेला हंडा नाही, सिलिंडर नाही, तांदळाचं पोतं नाही, आणि कडेवर नातवंडंही नाही. हे शेवटचंच सगळ्यात आधी मोडलं जातं. वाकून करायची शेतीची कामं तीन महिन्यांनी, रायगड पायऱ्यांनी चढायचा असेल तर तोही तेव्हाच, आणि सर्जनला विचारून.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त. यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी पोचायचं आणि ऑपरेशन कधी, कुठलं झालं ते पहिल्या वाक्यात सांगायचं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, म्हणजे शोधाशोधीत वेळ जात नाही. १०१ च्या वरचा ताप, जखमेतून दुर्गंधी किंवा पू, कातडीची कड काळी पडणं, एका बाजूला अचानक फुगून दुखणं, ड्रेनमध्ये पुन्हा ताजं लाल रक्त, यासाठी त्याच दिवशी सर्जनला कळवायचं. शिवण जिथे जुळते तिथे छोटंसं तोंड उघडणं मात्र बऱ्याच जणांना होतं. ते ड्रेसिंगने आठवड्या-दोन आठवड्यांत, कधी जरा जास्त काळात भरतं.

व्रण आणि मन

पहिले काही आठवडे वजनकाटा दोन-चार किलो जास्त दाखवतो. ती सूज असते, चरबी नव्हे. पूर्ण आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. व्रण आधी लालसर-तपकिरी आणि जाडसर होतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. आपल्या रंगाच्या त्वचेत जाड, वाढणारा व्रण होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी पूर्वी गाठ आली असेल तर ते ऑपरेशनआधीच सांगावं. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, आणि व्रण उन्हापासून झाकून ठेवणं, याचा उपयोग होतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना उगीच रडू येतं. वाकून चालायचं, अंगाला नळ्या, आरशात सुजलेलं पोट आणि शेजारच्या काकूंचा प्रश्न, “बारीक झालीच होतीस की, मग पोट कशाला कापून घेतलंस?” पोटाच्या वळीखाली रोज चिरणारी कातडी काकूंनी पाहिलेली नसते. घरातल्या एका माणसाला आधीच सगळं सांगून ठेवलेलं असलं की अशा वेळी उत्तर त्याला देता येतं. उदासी महिनाभरानंतरही उतरली नाही, झोप उडाली, खाणं सुटलं किंवा उलट पूर्वीसारखं खाणं सुरू झालं, तर सर्जनच्या पुढच्या भेटीत हेही बोलायचं, व्रणाइतकंच.